पेंटरचा ओटीपी

कर कार्यालयाच्या चौकशीच्या खिडकीशी उभा राहून पेंटर एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणत होता, "बाई, आजच पाहिजे हो, काहीतरी करा!"

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. हात इतका सरळ की फूटपट्टीने लाजावं. पण तारखा आणि मुदती म्हटलं की तो पाटीमागे लपायचा. वर्षानुवर्षं जिन्याखाली बसून काम केल्यावर आता कुठे त्याला भर रस्त्यावरचा गाळा मिळत होता. मालकाची अट एवढीच, की तीन वर्षांचे रिटर्न संध्याकाळी पाचच्या आत दाखवायचे, नाहीतर गाळा चपलांच्या दुकानदाराला. आणि या पठ्ठ्याने तीन वर्षांत एकही रिटर्न भरलेला नव्हता.

"तीन वर्षांचे? एकदम? आणि आज?" खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, झोपला होतात का? बरं, आधी खातं तर उघडून बघू. ओटीपी पाठवलाय, सांगा."

पेंटरचा फोन ढिम्म.

"शेवटी बेचाळीस असलेला नंबर तुमचाच ना?"

"बायकोचा," पेंटरचा चेहरा उतरला. "म्हणजे, होती. म्हणजे बाई आहे अजून, बायको नाही."

"मग नंबर बदला की!"

"बदला ना!" पेंटर हरखला.

"त्यालाही जुन्याच नंबरवरचा ओटीपी लागतो."

लग्न टिकून होतं तोवर असली सगळी कामं बायको बघायची. ती दातांची डॉक्टर. तिचं काम म्हणजे काम. पेशंट खुर्चीत बसायच्या आत त्याची कीड घाबरून बाहेर यावी असा दरारा. घटस्फोटात दोघांनी भांडी वाटून घेतली, पुस्तकं वाटून घेतली, बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा वाटून घेतल्या. हा नंबर तेवढा राहून गेला.

पेंटरने देवाचं नाव घेऊन फोन लावला आणि घाबरून नेमकं व्हिडिओचं बटण दाबलं. तिकडे कोपराने फोन घेतला गेला आणि पडद्यावर डॉक्टरीणबाईंचा मास्क उगवला.

"काय रे? लवकर बोल, माझे दोन्ही हात हेडमास्तरांच्या तोंडात आहेत."

"ओटीपी आलाय का बघ ना. टॅक्सचा."

"आत्ता आठवला तुला टॅक्स?"

"तू ओरडू नकोस हं! आता तुझा काही संबंध नाही."

"मग फोन कशाला केलास?"

"मुदत संपली," खिडकीतल्या बाई थंडपणे म्हणाल्या. "दुसरा पाठवते. भांडण नंतर करा."

डॉक्टरीणबाईंचे हात काही मोकळे होईनात. शेवटी त्यांनी हुकूम सोडला, "सर, फोन धरा. आकडे तुम्हीच सांगा." हेडमास्तरांचा जबडा बधिर, तोंडात कापूस, पण शिस्तीचा माणूस. त्यांनी एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं दाखवायला सुरुवात केली. शून्याला मूठ. पाचाच्या पुढे पंजा दाखवून मग उरलेली बोटं. इकडे रांगेतली सगळी माणसं खिडकीवर वाकून मोठमोठ्याने आकडे मोजू लागली. सहावा आकडा जुळला आणि खातं उघडलं तशा टाळ्या पडल्या.

खिडकीतल्या बाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही तर म्हणालात, भरलेच नाहीत? तिन्ही वर्षांचे आहेत इथे. वेळेत भरलेले. एक चूक नाही हो!"

"मी नाही भरले!" पेंटर चोरी पकडल्यासारखा ओरडला.

"मी भरले," फोनमधून आवाज आला. "शेवटची तारीख जवळ आली की रोज सकाळी मला मेसेज. 'प्रिय करदाते, प्रिय करदाते.' डोकं उठायचं माझं. ते बंद व्हावेत म्हणून भरले, तुझ्यासाठी नाही."

"पण माझा हिशोब कुठून आणलास?"

"तुझ्या बँकेचे मेसेजही मलाच येतात. काल दोन ब्रश घेतलेस. एकात भागलं असतं."

बिचाऱ्या पेंटरचे डोळेच भरून आले. कुणाची बायको असं करते हो? आणि ही तर बायकोसुद्धा नव्हती! खिडकीतल्या बाईंनी भराभर कागद छापून दिले. साडेचार वाजत होते, आणि गाळा चार पावलांवर होता. गाळा मिळाल्यातच जमा.

"आता जाता जाता नंबरही बदलून टाकू," खिडकीतल्या बाई उत्साहाने म्हणाल्या. "मॅडम, तुमच्या फोनवर विचारणा आलीय. 'संमती' दाबा, की सुटलात."

डॉक्टरीणबाईंचे हात आता मोकळे होते. त्यांनी मास्क काढला, हातमोजे काढले, फोन हातात घेतला. आणि नुसत्या बघत राहिल्या.

"दाबलंस का?" पेंटरने हळूच विचारलं.

"दाबते रे, घाई काय आहे?"

"मुदत संपली," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "परत पाठवू?"

"नको. राहू दे." डॉक्टरीणबाईंनी एकदम फर्मान काढलं. "याच्या हातात दिलं तर पुढच्या वर्षी दंड भरेल आणि गाळा घालवून बसेल."

खिडकीतल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, मग सोडलंत कशाला याला?"

"नवरा म्हणून सोडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करदाता म्हणून कुठे सोडलंय?"