मेलेल्या बायकांचे केक

माझा नवरा आतल्या खोलीत मरून पडला होता आणि खोब्रागडे भाऊ दारात केक घेऊन उभे होते.

पहाटे जीव गेला होता. नर्स येऊन बघून गेली होती, न्यायला गाडी यायची होती. मुलगा फोनवर नातेवाइकांना कळवत होता. दार सुनेनं उघडलं.

"काका, आज केक?"

"पाउंड केक आहे," भाऊ म्हणाले. "इकडं मयतीच्या घरी नेतात."

"काका, पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत आमच्याकडं गोड चालत नाही. तुम्हाला माहीत आहे. प्लीज, परत घेऊन जा."

भाऊंनी बूट काढले, आत आले, ताटली ओट्यावर ठेवली. जाताना माझ्यापाशी थांबले.

"वहिनी, आज चूल पेटणार नाही. तुम्ही खाणार काय?"

आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं. त्यात साखरेच्या आजाराची गोळी सकाळी सवयीनं घेऊन बसले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. त्या माणसानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बूट घालून गेला.

हा माणूस इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आमच्या मागच्या गल्लीत एकटा राहतो. मूळ नागपूरचा. जन्मभर रस्त्यांचं काँक्रीट तपासायची नोकरी केली. काँक्रीटचे नमुने मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती वजनाला फुटलं ते लिहायचं. त्यातून सुटला तो पुरता केकच्या मागं लागला. तेही दुकानातले, वर फुलं काढलेले केक नाहीत. इथल्या म्हाताऱ्या बायका पूर्वी करायच्या आणि आता त्यांच्या नातवंडांनाही माहीत नाहीत, असले.

इथं म्हातारं माणूस मेलं की मुलं त्याच्या घरातलं सामान विकायला काढतात. दर शनिवारी भाऊ अशा घरी जातात. बाकीचे लोक सोफे दाबून बघतात. भाऊ थेट स्वयंपाकघरात जातात आणि पाककृतींच्या चिठ्ठ्यांचा डबा शोधतात. ज्या बाईची चिठ्ठी, तिच्या नावाचा केक.

"जय भीम, वहिनी. आज लुसीलबाई आल्या आहेत," म्हणून दारात उभे राहायचे. लुसीलबाईंच्या केकमध्ये डब्यातलं टोमॅटोचं सूप होतं. रूथबाईंच्या केकमध्ये अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, उलट व्हिनेगर. टंचाईच्या दिवसांतला केक म्हणे.

मी म्हटलं, "भाऊ, ही बाई कशानं मेली ते कळलं."

ते हसले नाहीत. खिशातून वही काढली. "आंबट लागला का? किती?"

केकची उंची ते स्टीलच्या पट्टीनं मोजतात. ओव्हन चालू असला की फोन उचलत नाहीत. "घाई केली की तडा जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काँक्रीटलाही तेच आणि केकलाही तेच. त्यांची मुलगी रजनी सिएटलला असते. ती फोनवर म्हणते, "बाबा, नोबडी इट्स धिस." हे म्हणतात, "म्हणूनच भाजतो."

माझा नवरा मात्र खायचा. चावून चावून खायचा आणि म्हणायचा, "मजबूत आहे." भाऊ तेही वहीत लिहून घ्यायचे.

तर त्या दिवशी गाडी आली, त्यांना घेऊन गेली. वंदना म्हणायला आलेली मंडळी उठली. घरात आम्ही तिघं उरलो. माझी साखर उतरली, घाम फुटला. मी ओट्यापाशी गेले आणि केक कापला.

"आई," सून म्हणाली.

"गप बस. एकाच दिवशी दोघांना न्यायला लावू नको."

उभ्यानं तीन तुकडे खाल्ले. भाऊंच्या हातचा नाव न ठेवता येणारा तो पहिला केक. मुलगा आला, त्यानंही एक घेतला. मग सूनही आली. आठ दिवस तो केक टिकला, आणि आठ दिवस कुणी त्याचं नाव काढलं नाही.

ताटली घासताना तिच्या खाली चिकटवलेली पट्टी दिसली. पिवळी पडलेली, वर इंग्रजी अक्षरं. सुनेनं वाचली. "एडना."

रिकामं भांडं परत देत नाहीत. मी ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा ताटलीत ठेवला आणि भाऊंकडं गेले. त्यांनी ताटलीकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही.

"ही एडना कोण?" मी विचारलं.

"समोर राहायची. विमल गेली तेव्हा एडनानं या ताटलीतूनच केक आणला होता." विमल म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. "इथं मयतीच्या घरी ताटली नेताना खाली नाव चिकटवतात, वहिनी. रिकामी परत आली तरी चालते. पण मी रिकामी कशी देणार? आणि मला तर चहाशिवाय काही येत नव्हतं."

"मग?"

"मग शिकलो. कामावरून आलो की भाजायचो. कधी दगड व्हायचा, कधी मधून बसायचा. सात महिने गेले. जमला त्या दिवशी ताटलीत घालून रस्ता ओलांडला, तर तिचं सामान बाहेर गवतावर मांडलेलं. मुलगा विकत होता."

"म्हणजे बाई गेली होती."

"पंधरा दिवस आधी. मी कामाला जायचो, मला कळलंही नाही. तिच्या चिठ्ठ्यांचा डबा तेवढा घेऊन आलो."

"वेडे आहात तुम्ही," मी म्हटलं. "ती रिकाम्या ताटलीची वाट बघत असेल."

"हो," भाऊ म्हणाले. "नंतर कळलं ते."

मी ताटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. वही काढली नाही.

विमलबाई गेल्या तेव्हा भाऊ राहायचे त्या गावात दुसरं मराठी घर नव्हतं. चूल पेटवायची नाही एवढं त्यांना माहीत होतं, पण जेवण आणणारं कुणी नव्हतं. एडनाबाईच्या एका केकवर घरातल्या दोघांनी चार दिवस काढले. एक खोब्रागडे भाऊ. दुसरी रजनी, ती तीन वर्षांची होती.