बोलेल तिकडे चकती

पहिली चकती कपडे धुण्याच्या मशीनला लागली, दुसरी आजोबांच्या चहाच्या कपाला. आइस हॉकीचा सराव हॉलमध्ये करू देणं ही आपली चूकच झाली, हे तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं. पण दुपारी शाळेच्या संघाची निवड होती, आणि लेकीचा मनगटी फटका अजून सरळ जाईल तर शपथ!

"अगं, मनगट! ओला टॉवेल पिळतो ना, तसं पिळायचं. आणि शेवटी काठीचं टोक गोलकडे!"

गोल म्हणजे सोफ्याखालची फट.

ही टॉवेलची युक्ती आईला तिच्या बाबांनी, म्हणजे या आजोबांनीच शिकवली होती. थंडीत ते मागच्या अंगणात पाणी ओतून ठेवत, सकाळी त्याचा बर्फ झालेला असे. आता ते अंगणही गेलं आणि त्यांचे गुडघेही.

"बाबा, पाय वर घ्या!" आई ओरडली, आणि चकती सुसाट तिच्याच नडगीवर आली.

"आई गं!"

"तू ओरडलीस म्हणून मी बघितलं," लेक म्हणाली.

आजोबा मांडीवरचा चहा पुसत होते. "मघाशी मशीन वाजलं, चकती तिकडे. मी साखर मागितली, चकती माझ्याकडे. जो आवाज करेल त्याच्याकडे टोक वळतंय पोरीचं."

"मग दुपारी तिथे कुणी बोलायचंच नाही," आई म्हणाली.

"तू? गप्प?" आजोबांनी नातीकडे बघितलं आणि दोघंही फिसकन हसली.

दुपारी आईचं मौन लेक बर्फावर उतरेपर्यंतच टिकलं. "हेल्मेटचा पट्टा!" चकती धाडकन आईसमोरच्या काचेवर. मग लेकीचा पाय जरासा घसरला. "सांभाळ!" पुन्हा काच.

"ताई," प्रशिक्षक बाई हात जोडून म्हणाल्या, "तिचा एकच फटका उरलाय. जरा बाहेर जाता का?"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी तिचं कोपर धरलं, पण दाराकडे नेलं नाही. काचेच्या कडेकडेने लंगडत त्यांनी तिला थेट गोलच्या मागे आणून उभं केलं.

"माझ्या वेळी तुम्ही इथेच उभे राहायचात ना, बाबा?"

"राहायचो तर! तुझंही टोक आवाजाकडेच वळायचं की."

आई बघतच राहिली. इतकी वर्षं ती समजत होती, आपलं मनगटच तयार होतं! आणि बाबा? घसा बसेपर्यंत ओरडायचे, घरी येऊन गुळण्या करायचे, आणि वर म्हणायचे, काय मनगट आहे पोरीचं!

शिट्टी वाजली. आई अजून बाबांकडेच बघत होती.

"अगं, आता बोल ना!" आजोबा कळवळले.

"आतून... आतून स्वेटर घातलास का गं?"

"घातलाय ना, आई!" लेक वैतागून वळली, आणि गोलची जाळी थरारली.