वस्तू आपली पाहिजे की

कोनापुरे ऑफिसात स्वतःच्या खुर्चीवर बसायचे. स्वतःच्या म्हणजे कंपनीने दिलेल्या नव्हे. स्वतः विकत घेतलेल्या आणि कुंभारी गावाहून स्कूटरच्या मागे सुतळीने बांधून आणलेल्या. तिच्या पाठीवर लाल ऑइलपेंटने ‘शि. म. कोनापुरे’ असं लिहिलेलं. कप, पट्टी, कात्री, टेबलफॅन, सगळ्यांवर तेच लाल नाव. भिंतीतल्या एका खिळ्याखालीसुद्धा, कारण तो खिळा त्यांनी घरून आणून ठोकला होता.

आमचा टॉवेलचा कारखाना. टॉवेलच्या काठावरचे मोर, वेली, कोयऱ्या कोनापुऱ्यांच्या हातच्या. मी प्रशासनात; स्टेशनरी वाटणं माझ्याकडे. बारा वर्षांत या माणसाने माझ्याकडून साधी पेन्सिल घेतली नव्हती. विचारलं की एकच उत्तर: “मॅडम, वस्तू आपली पाहिजे की. दुसऱ्याची वापरायची म्हंजी पावण्याच्या घरात निजल्यावानी. कूस बदलायलाबी लाज वाटती.”

मला राग यायचा. कपाटाची किल्ली सांभाळत बसलेल्या बाईकडून पेन्सिल न घेणं हा अपमानच की.

मागच्या वर्षी कंपनीने डिझाइनवाल्यांसाठी लॅपटॉपची योजना काढली. पगारातून कापून विकत घ्या, तो कायमचा तुमचा. नाहीतर तीन वर्षांसाठी लीजवर, म्हणजे भाड्याने घ्या आणि मुदत संपली की परत करा. फॉर्मवर एका चौकोनात खूण करायची, एवढंच काम. कोनापुऱ्यांच्या फॉर्मवर मी त्यांना न विचारताच ‘खरेदी’वर खूण केली आणि तो सहीला पाठवला.

अर्ध्या तासात फॉर्म परत आला. मागोमाग कोनापुरेही आले.

“ही खूण कुनी केली?”

“मी. तुम्ही विकतच घेणार ना?”

“निर्णय माझा हाय, मॅडम. तोबी आपलाच पाहिजे की.”

नवा फॉर्म घेऊन गेले, आणि पुढे आठवडाभर त्यांनी माझं डोकं खाल्लं. बायको वारल्यापासून ते स्वतःच भाकरी थापत. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे, मला शेंगाचटणी वाढायचे आणि एकेक शंका काढायचे. लीजच्या लॅपटॉपवर नाव घालता येतं का? नाही. पेंटनं न्हाय, खडूनं? तरी नाही. परत देताना त्यातले मोर कुटं जात्यात? कंपनीकडेच राहतात. “लई अवघड हाय,” असं म्हणून फॉर्म कोराच परत न्यायचे. बाकी सगळ्यांचे फॉर्म आले होते आणि यादी शनिवारी पाठवायची होती.

शुक्रवारी त्यांनी नियमांचा कागद माझ्यासमोर ठेवला. सातव्या नियमाखाली लाल रेघ मारलेली. लीज चालू असताना कर्मचारी निवृत्त झाला तर उरलेली मुदत लॅपटॉप त्याच्याकडे राहील. मात्र दर महिन्याला त्याने स्वतः तो ऑफिसात आणून तपासून घ्यावा. कोनापुरे चार महिन्यांनी निवृत्त होणार होते.

“हे दर म्हयन्याला यायचं, सक्तीचं हाय न्हवं?”

मला वाटलं, घोडं इथे अडलंय. या वयात हेलपाटे कोण घालणार? मी म्हटलं, “काळजी करू नका. साहेबांशी बोलून तुमच्यापुरती सूट मिळवते. आमचा माणूस घरी येऊन तपासून जाईल.”

कोनापुऱ्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“सूट कुनी मागितली? नियम हाय तर हाय. मी येनार. साहेबास्नी कायबी बोलू नका तुमी.”

मग डब्याकडे बघत हळूच म्हणाले, “ती गेल्यापासनं घरातली समदी वस्तू माझीच हाय, मॅडम. समद्यावर माझंच नाव. कुनाला कायबी परत द्यायचं न्हाय. मग वाट तरी कोन बघनार?”

इतकी वर्षं मी या माणसाला हेकट म्हणत आले आणि आठवडाभर चटणी मात्र त्याच्याच डब्यातली खाल्ली. मला माझीच लाज वाटली. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि ‘लीज’च्या चौकोनात इतकी दाबून खूण केली की कागद फाटायचाच बाकी राहिला.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळं आवरलं. कप, पट्टी, कात्री, पंखा. पकडीने खिळासुद्धा उपटला. त्याच्या खालचं नाव तेवढं भिंतीवर राहिलं. सगळं स्कूटरला बांधून बिननावाच्या लॅपटॉपची पिशवी गळ्यात अडकवली.

“कोनापुरे, खुर्ची विसरलात.”

“न्हाय. तपासणीला आल्यावर बसायला लागंल की.”

आता ते दर महिन्याला येतात. तपासणी पाच मिनिटांत होते. कोनापुरे संध्याकाळपर्यंत थांबतात. त्या खुर्चीवर मी दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

गेल्या महिन्यात निघताना ते माझ्या टेबलाशी घुटमळले आणि त्यांनी माझ्याकडे एक पेन्सिल मागितली. मी कपाट उघडून दिली. ती खिशाला लावत म्हणाले, “पुढल्या म्हयन्यात परत आणून देतो.”