बाहेर न पडणाऱ्यांची मोजणी

आमच्या सोसायटीतले बागवान सर रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये येतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. भिंत मुद्दाम पाहावी अशी नाही. आमच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन विंगा आहेत. इमारत उन्हात फुगली तर तडे जाऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये गच्चीपासून जमिनीपर्यंत दोन बोटांची फट ठेवलेली आहे. सर त्या फटीकडे पाहत बसतात. हातात आकडा मोजायचं एक लहानसं यंत्र असतं, बायका हल्ली जपाला वापरतात तसलं. बटण दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. कुणी “काय सर, बरं आहे ना?” असं विचारलं तर मान न वळवता उत्तर येतं, “थांबा. चालू आहे.”

चालू असते ती वटवाघळांची मोजणी. फटीत अंगठ्याएवढ्या वटवाघळांची वस्ती आहे. दिवेलागणीला ती एकेक करून बाहेर पडतात आणि नदीच्या बाजूला किडे खायला जातात. सर त्यांच्यावर संशोधन करतात. आमचे चेअरमन केळकर शनिवार पेठेत जन्मले आणि बहुधा तेव्हापासूनच ते असं बोलतात. त्यांनी एकदा सरांना विचारलं, “यांची हजेरी घेता ती पगारी की बिनपगारी?” सर म्हणाले, “बिनपगारी. पण ही रोज वेळेवर येतात. सोसायटीच्या मीटिंगला कोण येतं?”

डॉ. हमीद बागवान माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठे. घराणं कसब्यातलं, वडिलांचा फळांचा धंदा होता. हे एकटेच शिकून प्राध्यापक झाले. लग्न केलं नाही. ‘अ’ विंगेत सात नंबरच्या फ्लॅटमध्ये आई आणि ते, दोघेच राहतात. आईंना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो.

सरांना वटवाघळांइतकेच किडेही लागतात, कारण वटवाघळं काय खातात हे कळायला खाली सांडलेले पंख गोळा करावे लागतात. त्यामुळे फटीखालच्या फरशीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात पाटी लावली आहे: ‘येथे पडलेले पंख हा केर नव्हे. झाडू नये.’ एकदा सकाळी मी ऑफिसला निघालो तर सर माझ्या स्कूटरपाशी चिमटा घेऊन उभे. “तुमच्या सीटवर अर्धा पतंग आहे,” ते म्हणाले. “मी घेऊ का? की तुम्हाला हवाय?” मी नको म्हटल्यावर त्यांनी तो एका छोट्या पाकिटात घातला. वर तारीख, वेळ आणि माझ्या स्कूटरचा नंबर लिहिला.

माझी आणि त्यांची मैत्री झाली ती त्यांच्या वहीमुळे. मी विमा कंपनीत आहे, आकड्यांतच दिवस जातो. त्यांची वही मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थंडीतल्या बारा दिवसांपुढे ओळीने बारा शून्यं होती. मी म्हटलं, “काही दिसलंच नाही, तर लिहायचं कशाला?”

“शून्य ही नोंद आहे,” सर म्हणाले. “कोरी जागा म्हणजे आळस.”

हे वाक्य मी आमच्या ऑफिसात दोघातिघांना ऐकवलं आहे. उपयोग झाला नाही.

तर या फटीतून दोन पावसाळे ‘ब’ विंगेत पाणी झिरपत होतं. साठेवहिनींच्या कपाटामागची भिंत हाताला ओली लागायची. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मार्चमध्ये एक चांगला ठेकेदार मिळाला. फट बुजवून वरून पट्टी मारायची, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं, असं ठरलं. तो सोमवारी सुरुवात करणार होता. ती तारीख गेली तर तो एकदम मेअखेरीस मोकळा होणार होता, आणि मेअखेरीस काम काढणं म्हणजे पावसाला निमंत्रण. करारावर सही माझी होती. तेव्हापासून माझं जेवण कमी झालं, असं बायकोचं म्हणणं आहे.

कारण वटवाघळांचं काय करायचं हे करारात लिहिलेलं नव्हतं. ती आत असताना फट बुजवणं माझ्याने होणार नव्हतं. मग मला एक उपाय सुचला. मीही जिन्याच्या खिडकीत बसून मोजायला लागलो. पहिल्या संध्याकाळी दोनशे चौदा बाहेर पडली. दुसऱ्या संध्याकाळी दोनशे चौदा. तिसऱ्या दिवशी दोनशे तेरा, पण त्या दिवशी मला एक शिंक आली होती. सव्वासातनंतर एकही बाहेर आलं नाही. म्हणजे सव्वासातला फट रिकामी. तेवढ्यात वरपासून खालपर्यंत जाळी ठोकायची, सकाळी सिमेंट भरायचं. परत आलेली वटवाघळं दुसरीकडे जातील. एकही मरणार नाही.

केळकरांना हा बेत इतका आवडला की ते टोमणा मारायचं विसरले. शुक्रवारी मी माझा कागद घेऊन सरांकडे गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो होतो.

सरांनी दारातच कागद वाचला. दोनदा वाचला.

“मोजणी उत्तम आहे,” ते म्हणाले. “बाहेर पडणारी तुम्ही बरोबर मोजलीत. न पडणारी?”

“न पडणारी म्हणजे?”

ते मला जिन्यात घेऊन गेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फटीला लागूनच खिडकी आहे. “कान लावा,” म्हणाले. मी लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग ओल्या काचेवर बोट फिरवावं तसा अगदी बारीक आवाज आला. मग तसलेच पुष्कळ.

“पिल्लं,” सर म्हणाले. “त्यांना अजून उडता येत नाही. आया चरायला जातात, तेव्हा ती आतच चिकटून असतात. तुम्ही जाळी मारलीत की आया बाहेर आणि ही आत.”

“किती असतील?”

“माहीत नाही. म्हणून तर मी आकडा लिहिलेला नाही.”

वीस वर्षांत मी एवढी सरळ आणि एवढी चुकीची बेरीज केली नव्हती.

“मला तीन आठवडे द्या,” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा नव्हता. “तेवढ्यात ती उडायला लागतील. मग आपण एकेरी वाटेची जाळी लावू. बाहेर जाता येतं, आत येता येत नाही. बाजूला लाकडी पेट्या टांगू, त्यात ती राहतील. पण आत्ता नको. ही गेली तर माझ्याकडे दुसरं काही नाही. मला आता दुसरीकडे जाता येत नाही.”

आणि ते वर निघून गेले. मला ते शेवटचं वाक्य विचित्र वाटलं. या माणसाचं निम्मं आयुष्य घाटातल्या गुहांमध्ये गेलं होतं. यांना कुठे जाता येत नाही?

शनिवारी ठेकेदाराला पाच फोन केले. त्याने एकही उचलला नाही. रविवारी सकाळी कमिटी बसली. मी उभा राहून सांगितलं की माझी मोजणी चुकली.

“चुकली?” केळकर म्हणाले. “दोनशे चौदाच्या ऐवजी किती?”

“आकडा बरोबर आहे. विचार चुकला.”

“मग पावसाळ्यात साठेवहिनींच्या कपाटात पाणी शिरलं, की त्यांनाही हेच सांगा. पाणी खरं आहे, विचार चुकला.”

मग साठेवहिनींनी विचारलं, “पिल्लं किती दिवसांची आहेत हो?” मी म्हटलं, आठवडाभराची असावीत. “डोळे उघडलेत?” मला माहीत नव्हतं. “दोन पावसाळे काढलेत मी ओल्या भिंतीत,” त्या म्हणाल्या. “पण पावसाच्या आधी व्हायलाच हवं. तारीख लिहून द्या.”

आणि तेव्हाच ठेकेदाराचा फोन आला. मी त्याला सगळं सांगायला लागलो, तर त्याने मला मध्येच तोडलं. “साहेब, गच्चीचं काम आधी घेऊ का? तिथेच मला तीन आठवडे लागतील. फट शेवटी बुजवतो. मला काय, दोन्ही करायचंच आहे.”

तीन दिवसांचा माझा पेच फक्त दोन कामांचा क्रम बदलून सुटला. केळकर म्हणाले, “हे आधी का नाही विचारलंत?”

त्याच दुपारी मी सरांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकलं, “बरं झालं,” म्हणाले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. मग पहिल्यांदाच मला आतल्या खोलीत नेलं.

तिथे भिंतभर महाराष्ट्राचा नकाशा होता. ज्या ज्या ठिकाणी एखाद्या जातीची नोंद झाली, तिथे टाचणी. दरवर्षीचा रंग वेगळा. जुन्या टाचण्या आंबोली, राधानगरी, मेळघाट अशा पसरलेल्या होत्या. नंतरचे रंग पुण्याकडे सरकत आलेले. शेवटच्या तीन रंगांच्या टाचण्या तर सिंहगड, दिवेघाट, पाषाण एवढ्यातच दाटल्या होत्या, आणि सगळ्यात ताजी आमच्याच इमारतीवर होती.

मी म्हटलं, “सर, यांचा पसारा एवढा कमी झाला?”

“नाही हो,” सर म्हणाले. “वटवाघळं आहेत तिथेच असतील. असला नकाशा नीट वाचावा लागतो. संशोधक कुठे कुठे पोचला, तेही त्यात असतं. अम्मीला सांभाळणाऱ्या बाई साडेसातला जातात. त्याच्या आत मला घरी यावं लागतं.”

तेवढ्यात अम्मी भिंत धरत दारात आल्या. सर आणि त्या आपसात कायम त्यांच्या घरच्या हिंदीत बोलत, ते मी जिन्यात अनेकदा ऐकलं होतं. आमच्यासारख्या परक्यांशी अम्मी मराठीत बोलायच्या.

“हमीदचा काही निरोप आला का?” त्यांनी सरांना विचारलं. मराठीत.

“आला ना,” सर म्हणाले. “आंबोलीत आहे. काम संपलं की निघतो म्हणालाय.”

“पाऊस असेल तिकडे.”

“नाही, सध्या ऊन आहे. छत्री आहे त्याच्याजवळ.”

अम्मींनी मान हलवली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. “तुम्हीसुद्धा तिकडूनच आलात का?”

मी सरांकडे पाहिलं. ते नकाशावरची एक टाचणी सरळ करत होते.

“हो,” मी म्हणालो.

“वेळेवर जेवतो का तो?”

“जेवतो.”

“भाकरी किती खातो?”

“तीन,” मी म्हणालो.

“तीन खातो म्हणजे बरा आहे,” अम्मी म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला सावकाश बसल्या. मग सरांना हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, एवढ्या लांबून आलेत ते. त्यांना चहा तरी द्या.”

सर चहा टाकायला आत गेले.