सहा चाकांची बढती

देवासमध्ये शरदचंद्र पागनिसांइतकं घट्ट तोंडाचं माणूस दुसरं नाही, असं खुद्द शरदचंद्र पागनीसच सांगत. "आमच्या पोटात गेलेली गोष्ट पुन्हा आमची आम्हालासुद्धा सापडत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

ते अगदीच खोटं नव्हतं. चार वर्षं त्यांनी एक गोष्ट अशी दाबून ठेवली होती, की शेजारच्या नीतूभाभीलाही तिचा पत्ता लागला नव्हता. आणि नीतूभाभी म्हणजे कुकरच्या शिट्ट्या ऐकून कुणाकडे पाहुणे आलेत ते सांगणारी बाई! गोष्ट अशी, की पागनिसांचा एकुलता एक शंतनू विमान चालवत होता.

आता मुलगा विमान चालवतो म्हटल्यावर कुठलाही बाप गच्चीवर चढून ओरडेल. शरदचंद्र एकदा ओरडून बसले होते. शंतनूचं शिक्षण संपलं, एका कंपनीनं त्याला घेतलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, ओळखीच्यांना वाटले, ओळख नसलेल्यांना ओळख काढून वाटले. आणि शंतनू रुजू व्हायच्या आत ती कंपनीच बंद पडली. पोरगा दोन वर्षं घरात बसून छताकडे बघत राहिला. शरदचंद्रांनी निदान केलं, दृष्ट लागली. विमान कंपनी बुडायला याहून वेगळं कारण असू शकतं, हे त्यांना काही केल्या पटेना.

म्हणून पुढं मालवाहू विमानांच्या एका कंपनीत शंतनू सहवैमानिक म्हणून लागला, तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला. गल्लीत सांगून टाकलं, शंतनू धामनोदला ट्रान्सपोर्टमध्ये लागला, ट्रक चालवतो. गल्ली हळहळली. ज्या पागनिसांच्या पूर्वजांनी धारच्या पागेत घोडे सांभाळले, त्यांच्या पोरानं स्टिअरिंग धरावं! समोरच्या भैयासाहेबांनी हलकेच विचारलं, "किती चाकी?" फारच गरीब दिसू नये म्हणून शरदचंद्र म्हणाले, "दहा." तेवढंच गल्लीला बरं वाटलं.

तेव्हापासून शंतनू सुट्टीवर आला, की गणवेश इंदूरला मित्राकडे टाकून चुरगळलेल्या शर्टात घरी यायचा. आपण वैमानिक आहोत की फरारी, असं तो आईला विचारायचा. अलकाताई उत्तर देत नसत. नवऱ्याशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे त्यांना फार पूर्वीच कळलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एके दिवशी शंतनूचा फोन आला.

कंपनी पंख्याची जुनी विमानं विकून टाकत होती. त्यांच्या जागी मोठी जेट येणार होती. वैमानिक कमी पडत होते, बाहेरून भरती जोरात सुरू होती, पण आतल्यांनाही जेटवर घ्यायच्या आधी सगळं नव्यानं तपासणार होते. शंतनूची परीक्षा झाली होती, डॉक्टरी तपासणीही झाली होती. उरली होती घरची चौकशी. एक माणूस धारच्या कायमच्या पत्त्यावर आणि देवासला येणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार.

"आपण लिहून दिलेलं आणि लोक सांगतात ते जुळलं पाहिजे, बाबा."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर जेट नाही. आणि जुनी विमानं तर विकलीच."

शरदचंद्रांची पाचावर धारण बसली. पोरगं पुन्हा छताकडे बघत बसलेलं त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. अलकाताईंनी सरळ सांगितलं, आत्ता चपला घाला आणि गल्लीत खरं काय ते सांगून या. पण ऐन बढतीच्या तोंडावर एवढ्या डोळ्यांसमोर पोरगा उघडा टाकायचा? बोललं तर दृष्ट, न बोललं तर चौकशी. दोन्ही बाजूंनी भीती लागली, की माणूस मधला रस्ता काढतो आणि तोच नेमका खड्ड्यात जातो. शरदचंद्रांनी हिशेब केला, कायमचा पत्ता धारचा, म्हणजे माणूस आधी धारलाच जाणार. तिथं अक्काला तयार करायचं. देवासचं देवासला बघू.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिलाही ट्रकच सांगितलेला होता. धारला पोचून शरदचंद्रांनी दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

"शरद, मी दर शनिवारी मारुतीला तेल घालत्ये. पोराच्या ट्रकाचे ब्रेक शाबूत राहोत म्हणून. त्या तेलाचे काय रे?"

"अक्का, मारुती वायुपुत्र आहे. तेल बरोबर पोचलं असेल."

अक्काला ते पटलं. पण दुसरी गोष्ट तिला गिळता येईना. "गल्लीचे ठीक आहे. मजपासून का लपविलेस? माझी दृष्ट लागेल, असे वाटले तुला?"

शरदचंद्रांना खरोखरच लाज वाटली. अक्कानं तोंड फिरवून डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात देवासहून अलकाताईंचा फोन आला.

माणूस देवासला आला होता! फत्तेसिंग त्याचं नाव. घरात पाऊल टाकण्याआधी शेजाऱ्यांना विचारायचं, ही त्याची पद्धत. भैयासाहेबांच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, कार्गो कंपनीकडून आलोय, शंतनूच्या बढतीची चौकशी आहे. झालं. पोराचं काहीतरी भलं व्हावं म्हणून गल्ली चार वर्षं वाटच बघत होती. भैयासाहेबांनी सांगितलं, दारूला शिवत नाही, दहा चाकी ट्रक लेकरासारखा सांभाळतो. नीतूभाभी त्याच्याही पुढं गेली. गणेश घाटात ब्रेक फेल झाले, तेव्हा शंतनूनं ट्रक मातीच्या ढिगावर चढवून समोरची अख्खी बस कशी वाचवली, हे तिनं हातवारे करून सांगितलं. शंतनूनं गणेश घाट पाहिला होता तो बसच्या खिडकीतून, तोही झोपेत.

हे सगळं ऐकून फत्तेसिंग अलकाताईंकडे आला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला, "बाईजी, तो फिर ये पायलट कौन है?"

वडिलांशी बोलायला तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येणार होता.

शरदचंद्र मिळेल त्या बसनं निघाले. इंदूरला बस बदलताना त्यांनी चुकून उज्जैनची बस पकडली, आणि कंडक्टरनं त्यांचा चेहरा बघून भाडं न घेता खाली उतरवलं. देवासला पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती आणि गल्ली भैयासाहेबांच्या ओट्यावर जमलेली होती. आता दृष्ट लागो नाहीतर वीज पडो, असं म्हणत शरदचंद्र मध्यभागी जाऊन उभे राहिले.

"शंतनू ट्रक चालवत नाही," ते म्हणाले. "तो विमान चालवतो."

सगळे त्यांच्याकडे फार मायेनं बघत होते, आणि त्या मायेचीच शरदचंद्रांना भीती वाटायला लागली.

भैयासाहेब उठले. त्यांनी शरदचंद्रांच्या खांद्यावर हात ठेवला. "शरदराव, पोरगा कष्टाचं खातो. ट्रक चालवण्यात लाज कसली?"

शरदचंद्रांनी फोन काढून गणवेशातला फोटो दाखवला. नीतूभाभीनं तो बघितला, मान हलवली आणि म्हणाली, "भाईसाब, फोटो का क्या है. हमारे अर्पित का तो शेर के साथ है." मग तिनं घरातून साखरेचं पाणी आणवलं आणि ते पिईपर्यंत कुणी त्यांना हलू दिलं नाही. चार वर्षं खपलेलं खोटं आता खऱ्याला जागाच देईना. पेढेवाली कंपनी बुडाली तेव्हाच या माणसाच्या मनावर परिणाम झाला असणार, यावर गल्लीचं एकमत झालं.

सकाळी फत्तेसिंगची मोटरसायकल वळणावर आली, तशी भैयासाहेबांनी ती अडवली. खिडकीतून शरदचंद्रांना सगळं ऐकू येत होतं. "साहेब, वडील विमान-विमान करतील. तुम्ही हो म्हणा. पण त्यांच्यापायी पोराला ट्रकवरून काढू नका."

फत्तेसिंग घरात आला, पाणी प्याला, कागद काढले. "पागनीस साब, मेरे कागज पे पायलट है. पूरा मोहल्ला बोल रिया है ट्रक. अब भिया तुम्हीं बताओ, मैं क्या लिखूँ?"

शरदचंद्रांनी मग काहीच दाबून ठेवलं नाही. पेढे, बुडालेली कंपनी, छताकडे बघत बसलेला पोरगा, दृष्ट, दहा चाकं, सगळं बाहेर आलं. "लिहायचं असेल तर माझ्या नावावर लिहा. बाप वेडा आहे म्हणून लिहा. पण पोराच्या नावापुढं काही लिहू नका हो."

फत्तेसिंग उठला. त्यानं दाराबाहेर डोकावून बघितलं आणि दार आतून लावून घेतलं. शरदचंद्रांना वाटलं, संपलं सगळं. अलकाताईंनी देवाचं नाव घेतलं.

फत्तेसिंग जवळ आला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "किसी को बोलना मत. मेरा लड़का दीपेश बैंक में लग गया है. मोहल्ले में मैंने बोल रखा है, फेल हो गया."

मग फत्तेसिंगनं मान खाली घालून लिहिलं, पत्ता बरोबर, नोकरी वैमानिकाची, वर्तणूक अशी, की सगळा मोहल्ला पोरासाठी रस्त्यावर उतरतो. जाताना त्यानं अलकाताईंना एवढंच विचारलं, की ते घाटातलं बसचं खरं आहे का. धारला गेला तर अक्कानं त्याला मारुतीचा अंगारा दिला म्हणे, विमानासाठी.

शंतनूला जेट मिळालं. शरदचंद्रांचा जीव भांड्यात पडला. बातमी आली त्या सकाळी त्यांनी फोनवर पोराला नव्या विमानाचं सगळं विचारून घेतलं, पंख केवढे, माल किती, चाकं किती. यापुढं एक अक्षर खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मग पेढ्यांचा पुडा घेऊन ते ओट्यावर गेले.

"शंतनूला बढती मिळाली," ते म्हणाले. पुढं विमान म्हणणार, तोच त्यांना सगळ्यांचे ते मायाळू चेहरे दिसले, आणि नीतूभाभी साखरेच्या पाण्यासाठी उठतेय असंही वाटलं. "म्हणजे, मोठी गाडी मिळाली," त्यांनी सांगून टाकलं.

गल्लीत आनंदीआनंद झाला. भैयासाहेबांनी पेढा उचलला आणि कौतुकानं विचारलं, "किती चाकी?"

शरदचंद्रांनी आठवलं. नाकाखाली दोन, पोटाखाली चार.

"सहा," ते म्हणाले.

भैयासाहेबांनी पेढा परत पुड्यात ठेवला. "आधीची दहा होती ना हो?"

भैयासाहेबांनी पुन्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळहळून म्हणाले, "कुणाची तरी दृष्ट लागली पोराला."

नीतूभाभी मीठ-मोहऱ्या आणायला उठली.