कपाटामागची भिंत

बसा, जरा सावलीत सरका. आमच्या फिटरदादांनी घर कसं विकायला काढलं, ती गंमत सांगतो. तुमच्याकडे एक छोटं काम आहे, पण ते शेवटी. आधीच सांगितलं तर उठून जाल.

फिटरदादा म्हणजे चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केलेला माणूस. राहायचे तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या बासष्ट. वहिनींचे गुडघे गेले आणि त्या खाली उतरायच्याच बंद झाल्या. आठ महिने बाई गॅलरीतून रस्ता बघत होती. भाजीवालीशी भांडणसुद्धा वरूनच. दादांनी तळमजल्यावरचं एक घर हेरलं. पुढे दोन हात मोकळी जागा, खुर्ची टाकून बसता येईल अशी. तिथला मालक म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो." म्हणजे महिन्याभरात आपलं घर विकायचं. नळाला वॉशर बसवण्याइतकं सोपं काम, असं दादांना वाटलं.

घरं विकून देणाऱ्या मॅडमच्या ऑफिसात दादा गेले. मॅडमनी फॉर्म काढला.

"घर कसं आहे?"

"झकास आहे. फक्त आतल्या खोलीच्या भिंतीला ओल येते. गच्चीतून येते, त्यामुळे माझा इलाज चालत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ओल हा शब्द आमच्या फॉर्ममध्ये नाही."

"मग काय लिहायचं?"

"खोली उन्हाळ्यात थंड राहते. आणि तिथे एक कपाट लावा. मोठं."

कपाट लावलं. रविवारी दादा दाढी करून, पडदे धुऊन बसले. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

"साहजिक आहे," मॅडम म्हणाल्या. "ज्या घरात गर्दी असते तिथेच गर्दी होते. म्हणून आमची परस्पर पाहणी योजना आहे. तुम्ही इतरांच्या घरी गिऱ्हाईक म्हणून जायचं, ते तुमच्याकडे येणार. सगळे आपलेच, घर विकायला काढलेले."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"बोलायचं कशाला? प्रसन्न दिसायचं."

बोलायची पाळी आलीच, तर तीन मंजूर वाक्यं कागदावर छापून मिळाली. उजेड छान आहे. आम्हाला अगदी असंच हवं होतं. घरी विचारून कळवतो.

पहिल्याच घरी दादांनी घोळ घातला. न्हाणीघरात नळ टपटपत होता. हाताची सवय जाते होय? दादांनी खिशातून पाना काढला, नळ उघडा केला, वॉशर बदलला. दुसऱ्या दिवशी लेखी समज आली: "पाहणीस आलेल्या गिऱ्हाईकाने घराला हात लावणे, हे गिऱ्हाईकपणास शोभत नाही."

मग मात्र दादा सुधारले. उंबऱ्यातच डोळे विस्फारायचे, गॅलरीत उभं राहून सुस्कारा सोडायचे. दोन आठवड्यांत त्यांना बढती मिळाली. साधे गिऱ्हाईक होते, ते वरिष्ठ गिऱ्हाईक झाले. नव्या लोकांना सुस्कारा शिकवायला लागले. पण दर रविवारी हे दुसऱ्याच्या घरी प्रसन्न, तर स्वतःचं घर दाखवणार कोण? वहिनी खुर्चीतून हात करायच्या, "ही बाहेरची खोली, ती आतली. कपाटाकडे बघू नका, त्याला नजर लागते."

महिन्याचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी दादांनी रजा टाकली आणि घरी थांबले. आणि काय सांगू, पंचेचाळीस माणसं! रांग जिन्यात उतरली होती. घरभर नुसते सुस्कारे. उजेड छान आहे, उजेड छान आहे, असा गजर चाललेला, आणि माणसांच्या गर्दीने खोलीत उजेडच राहिला नव्हता. एकाने वहिनींना विचारलं, "ही खुर्ची घराबरोबर देणार का?" वहिनी म्हणाल्या, "मला उचलून खाली नेत असाल, तर मीसुद्धा येते."

त्या गर्दीत एक बॅटरीवाला होता. हातात बॅटरी, कान भिंतीला. नळ सोडून बघतोय, खिडक्या हलवून बघतोय. हसणं नाही, सुस्कारा नाही. दादांना राहवेना. त्याला बाजूला घेतलं.

"नवीन दिसताय."

"हो, पहिल्यांदाच आलोय."

"वाटलंच. अहो, गिऱ्हाईक असं करतं का? जरा तोंडावर आनंद आणा."

"पण भिंतीला ओल आहे का, ते बघायला नको?"

"आहे ना! या, दाखवतो. तुमच्यापासून काय लपवायचं?" दादांनी कपाट सरकवलं आणि भिंत दाखवली. पायऱ्या मोजून सांगितल्या, दुपारी पाण्याचा जोर कमी असतो तेही सांगितलं. "आता विसरा सगळं, आणि बाहेर जाऊन म्हणा, उजेड छान आहे."

बॅटरीवाला बॅटरी विझवून निघून गेला. संध्याकाळी मॅडमनी यादी तपासली. योजनेतले चव्वेचाळीस. पंचेचाळिसाव्याचं नाव यादीतच नव्हतं. दादांनी वहिनींना सगळं सांगितलं.

"म्हणजे महिन्याभरात एक खरा माणूस आला," वहिनी म्हणाल्या, "आणि त्याला तुम्ही ओल दाखवलीत?"

"मला वाटलं, आपलाच आहे."

"खरं बोलायला आपला माणूसच लागतो वाटतं तुम्हाला!"

सकाळी दार वाजलं. बॅटरीवाला! "घर घेतो," म्हणाला. "बावीस घरं पाहिली. भिंत दाखवणारा माणूस एकच भेटला. तुमच्यावर विश्वास बसला. फक्त आधी माझं घर विकलं जाऊ द्या. त्याच मॅडमकडे दिलंय, कालच."

वहिनींनी गॅलरीतूनच भाजीवालीला बातमी दिली. तळमजल्याचा मालकही आणखी पंधरा दिवस थांबायला तयार झाला.

परवा दादा बॅटरीवाल्याच्या घरी मदतीला गेले. तर हा पठ्ठ्या एक भलंमोठं कपाट ओढतोय. मागे भिंतीला माणूसभर उंचीची भेग.

"अहो, हे काय?"

"दादा, तुमचं वेगळं. तुम्ही साधी माणसं. मला गिऱ्हाईक यायला हवं. जरा त्या बाजूने धरा."

दादा उभेच राहिले. मग त्यांना वहिनींची गॅलरीतली खुर्ची आठवली. त्यांनी दुसरी बाजू धरली. कपाट डुगडुगत होतं, तर पायाखाली एक वॉशर सरकवून पक्कं बसवलं. काम म्हणजे काम.

आता तुमचं. येत्या रविवारी अकरा वाजता तिथे चार माणसं कमी पडतायत. तुम्हाला घर घ्यायचं नाही, ठाऊक आहे मला. पण दुसऱ्याचं घर आत जाऊन बघायला कुणाला आवडत नाही? धुतलेला शर्ट घाला, उंबऱ्यात डोळे विस्फारा. भिंतींची चौकशी मात्र नको. तुमच्या घरातलं मोठं कपाट नेमकं त्याच भिंतीला का लावलंय, हे आम्ही कधी विचारलंय तुम्हाला? तेव्हा या, आणि सुस्कारा जरा मनापासून सोडा. वहिनींना खाली उतरायचंय.