मी बंद ठेवलेली लिफ्ट

मुलुंडच्या आमच्या चार मजली इमारतीची लिफ्ट मी कित्येक वर्षं बंद ठेवली होती. अर्थात, फक्त फोनवर. कुडाळजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन येई, "दिवाळीनंतर येव काय रे चार दिवस?" असं ती विचारी, आणि मी शक्य तितक्या खेदाने सांगे, "लिफ्ट बंद आसा गे. चार मजले कशी चढतलंस?" आईचे गुडघे दुखरे. विषय तिथेच संपे.

आई-वडील मला नकोसे होते असं मुळीच नाही. ते शहरात आले की त्यांना न्यायचं कुठे, दाखवायचं काय, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत त्यांच्याशी बोलायचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. उत्तर शोधण्यापेक्षा लिफ्ट बंद पाडणं मला सोपं गेलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

या अपराधाचं वजन कळण्यासाठी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पेडणेकर माहीत असायला हवेत.

पेडणेकर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लिफ्टमध्ये शिरताना ते चपला काढून हातात घेतात. लिफ्टचा उल्लेख नेहमी "ती" असा करतात, आणि तिचा आवाज थोडा बदलला तर "आज बाईंचा मूड नाही" असं हलक्या आवाजात सांगतात. कोणी जाळीचं दार आपटलं, तर वरच्या मजल्यावरून त्यांचा व्याकूळ स्वर येतो, "अहो, तिला लागतं." मेकॅनिक तपासणीला आला की ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात तसे ते खुर्ची टाकून बसतात आणि मधूनमधून विचारतात, "घाबरण्यासारखं काही नाही ना?" वार्षिक सभेत पाण्याची टाकी, रंगकाम, गळती हे विषय ते दोन वाक्यांत उरकतात. उरलेला वेळ लिफ्टचा. त्या भाषणाचा शेवट ठरलेला असतो: "सांगायला अभिमान वाटतो, ती एक दिवससुद्धा बंद नाही."

टाळ्या मीही वाजवत असे.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याला एका लग्नासाठी आलेले आई-बाबा परस्पर आमच्या फाटकाशी येऊन थांबले. रिक्षा पाहून मी खाली धावलो. "लिफ्टीची वाट बघीत रवलंव तर आमी मरान जातलंव," आई रिक्षातून उतरताना म्हणाली. पेडणेकर फाटकापाशीच उभे होते, कुंड्यांना पाणी घालत.

"लिफ्ट चालू झाली काय ओ एकदाची?" आईने त्यांनाच विचारलं. "वर्षानुवर्षा बंद म्हणान माजो झील सांगता."

पेडणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरबॉक्सकडे पाहिलं. झारीतलं पाणी कुंडीतून ओसंडून त्यांच्या पायांवर सांडत होतं.

"हो," ते म्हणाले. "कालच चालू झाली."

"आणि सेक्रेटरी कोण?"

"मीच."

"मगे इतकी वर्षां करी काय होतास तुमी?"

"चुकलंच, आई," पेडणेकर म्हणाले आणि मान खाली घातली. ज्या माणसाने लिफ्टसाठी दसऱ्याला झेंडूचा सर्वांत जाड हार स्वतः ओवावा, त्याने माझ्यासाठी तिची बदनामी मुकाट्याने पत्करली. मी आईची पिशवी उचलली.

पुढचं मात्र मला सुचलं नव्हतं. कालच दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये आई पाय ठेवायला तयार होईना. "मधीच बंद पडली तर? माका दोरयेन काढतलास?" असं म्हणून ती चार मजले पायांनी चढली. वर येऊन पलंगावर बसली ती गुडघे दाबतच, आणि तिने जाहीर केलं की आता गावाला जातानाच उतरेन.

पेडणेकरांनी हार मानली नाही. त्यांचं एक तत्त्व आहे: "आई-वडील आले की देवळं दाखवू नयेत, देवळं गावात आहेत. वर-खाली होणाऱ्या गोष्टी दाखवाव्यात." त्यांच्या यादीत मॉलचा सरकता जिना होता, अंधेरीला अगदी डोक्यावरून उतरणारी विमानं होती, लाटांवर हेलकावणारी मनोरीची फेरीबोट होती. पण या सगळ्याआधी आईला लिफ्टमध्ये बसवणं भाग होतं. म्हणून त्यांनी चाचणी घेतली. आईला चौथ्या मजल्यावर दाराशी खुर्ची दिली, आणि खालून वॉचमन, दूधवाला, स्वतः आणि तांदळाची एक गोणी असे लिफ्टमध्ये भरून वर आले.

"पोचलो," पेडणेकर घाम पुसत म्हणाले.

"चढलास ता बघलंय," आई म्हणाली. "आता उतरताना बघूया."

ते उतरले. पुन्हा चढले. तिसऱ्या फेरीला दूधवाला म्हणाला, "काका, दूध नासेल." आईचं मत बदललं नाही. बाबांचं मात्र बदललं. त्या दिवसापासून ते पेडणेकरांबरोबर मॉल पाहून आले, विमानं पाहून आले, मनोरीला जाऊन मासळी घेऊन आले. आईने त्या दिवसांत जी मुंबई पाहिली, ती आमच्या गॅलरीतून दिसते तेवढी: समोरची गच्ची आणि तिच्यावर वाळणारी दुसऱ्यांची पांघरुणं. ऑफिसातून आल्यावर ती मला तिथेच बसलेली दिसे.

शेवटी निघण्याच्या आदल्या दिवशी पेडणेकरांनी तिला भाजीबाजारापर्यंत तरी यायला राजी केलं. परतताना मीही बरोबर होतो. आई पुढे, तिच्यामागे प्लॅस्टिकचं स्टूल घेतलेले पेडणेकर, मागे पिशव्या घेऊन मी. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पेडणेकर स्टूल ठेवत आणि आई बसे. दुसऱ्या मजल्यावर ती जरा जास्तच वेळ बसली. तेवढ्यात शेजारून लिफ्ट वर गेली. जाळीआड बाबा होते, हातात चपला घेऊन.

"अजून दुसऱ्याच मजल्यार गे?" असं विचारत ते वर निघून गेले.

"म्हातारो वाया गेलो," आई म्हणाली. मग पेडणेकरांकडे वळून तिने विचारलं, "तुमची आई येय काय हंय रवाक?"

"एकदाच आली," पेडणेकर म्हणाले. "तेव्हा लिफ्ट नव्हती. इथेच बसली होती, या पायरीवर. मग म्हणाली, आता तूच येत जा गावाला." ते थोडं हसले. "लिफ्ट बसवली तेव्हा आई हयात नव्हती."

मी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"आये," मी म्हणालो, "लिफ्ट कधीच बंद नाय होती. मीच खोटा सांगी होतंय."

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "कित्याक रे?"

"तुमका खंय न्हेवचा, काय दाखवूचा, ता माका सुचला नाय."

"आमका तुकाच बघूचा होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माजा चुकला गे. आणि पेडणेकर, तुमचाही मी अपराधी आहे. मला क्षमा करा."

पेडणेकरांनी स्टूल उचललं आणि ते उगाच रुमालाने पुसू लागले. "माझं सोडा हो," ते पुटपुटले. "तिला लागलं असेल."

आई गुडघ्यांवर हात देऊन उठली, लिफ्टच्या दाराशी गेली आणि तिने बटण दाबलं. रिकामी लिफ्ट करकरत खाली आली. आईने चपला काढून हातात घेतल्या, पण आत पाऊल टाकलं नाही.

"आधी तिका सांग," ती मला म्हणाली. "मगे मी बसतंय."

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार उघडं असताना, मी त्या जाळीसमोर उभा राहिलो, हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाई, माझं चुकलं."